पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड) आहे आणि टीएसएच (थायरॉइड मंदावलं की वाढणारं हार्मोन) ५.८ आलंय. इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते रक्तात वाढतं) थायरॉइडमुळेच असेल का?

सगळं खापर थायरॉइडवर फोडू नका. थायरॉइड ठणठणीत असलेल्या, अगदी सडपातळ मुलींनाही पीसीओएसमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स असू शकतो. रक्तात वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स) बनवायला लावतं आणि यकृतात तयार होणारं एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) कमी करतं. मग मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात. थायरॉइड मंदावलं तरी एसएचबीजी घटतंच, म्हणून दोन्ही एकत्र असले की त्रास जास्त जाणवतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा होता. आई दोन वर्षं बेसन-लिंबू लावून घासत राहिली. तो मळ नव्हताच, वाढलेल्या इन्सुलिनची खूण होती! तुमची मान आणि काखा आरशात नीट बघा. नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेवर थांबू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती तपासणी करा.

५.८ साठी फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी) या तपासण्या करून घ्या, टीएसएच सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आधी सांगा, रिपोर्ट चुकतो. बाळाचा विचार असेल तर मात्र थांबू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. थायरॉइडची गोळी लागलीच तर सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी. लोह-कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी.