अमेरिकेतल्या ओपिऑइडच्या साथीतून कोल्हापूरने काय घ्यावं?

अमेरिकेने ओपिऑइडच्या, म्हणजे अफूपासून किंवा तिच्यासारखी बनवलेल्या वेदनाशामक औषधांच्या व्यसनाच्या, या साथीला कसं तोंड दिलं आणि त्यातलं आपल्या कोल्हापुरात काय उपयोगी पडेल, असं तुम्ही विचारलंय. मी राजारामपुरीत मेडिकल चालवतो. काउंटरवरून जे दिसतं, ते धरून सांगतो.

तिथं सुरुवात डॉक्टरांच्या चिठ्ठीतूनच झाली. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइडची वेदनाशामक गोळी आली, तिची सवय लागायचा धोका कमी आहे असं सांगून ती खपवली गेली. लोक अडकल्यावर बंधनं आली, २०१० मध्ये ती गोळी सहज कुटता येणार नाही अशी बदलली. पण अडकलेल्यांच्या उपचाराची सोय त्या मानाने वाढलीच नाही. बरेच जण हेरॉइनकडे वळले, २०१३ नंतर फेंटानिल हे हेरॉइनहूनही जहाल ओपिऑइड आलं. २०२२ मध्ये सगळ्या ड्रग्जच्या ओव्हरडोसने मिळून १ लाखाहून जास्त माणसं गेली. २०२४ मध्ये आकडा ८० हजारांच्या आसपास आला. मधल्या काळात ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ओपिऑइडची तलफ थांबवणारं उपचाराचं औषध, लिहून द्यायला डॉक्टरांना लागणारी वेगळी परवानगी रद्द झाली, आणि ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळू लागला.

म्हणून माझं ठाम मत आहे: गोळी बंद करताना उपचाराचं दार त्याच दिवशी उघडं पाहिजे.

आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ७७ लाख लोकांना ओपिऑइडच्या व्यसनासाठी मदतीची गरज असल्याचं निघालं. ट्रॅमाडॉल ही ओपिऑइडची वेदनाशामक गोळी २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, कोडीन या ओपिऑइडच्या खोकल्याच्या औषधाची विक्री एच-वन या वेगळ्या रजिस्टरला नोंदवावी लागते. तरी माणूस येतोच. कंबरदुखीची जुनी चिठ्ठी, घड्या पडून फाटायला आलेली, तारीख अंगठ्याखाली झाकलेली. नाक गळतंय, जांभयांवर जांभया, भर उन्हात हातावर काटा, ही गोळी न मिळाल्याची लक्षणं. "थंडी-ताप हाय, एक पाकीट द्या." मी देत नाही. पण नुसतं 'नाही' म्हटलं की तो पुढच्या दुकानात जातो. त्याला बाजूला घेऊन १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर लिहून देतो, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात आधी विचार म्हणून सांगतो. पोलिसांची भीती सगळ्यांनाच असते. ज्याच्याकडे थोडाच माल सापडला किंवा जो फक्त सेवन करतो, तो स्वतःहून उपचाराला गेला तर एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये त्याला संरक्षण आहे, हे फार कमी घरांना ठाऊक असतं. प्रत्येक मेडिकलवर हे दोन ओळीत लावलं पाहिजे.

घरच्यांचा दुसरा हट्ट म्हणजे पोराला महिनाभर कुठंतरी कोंडून ठेवायचं. यात जीव जातो हो. महिनाभरात शरीराची सवय उतरते आणि बाहेर आल्यावर पोरगं जुन्याच मापाने घेतं, ते शरीराला झेपत नाही. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवून, डॉक्टरच्या देखरेखीत वर्षानुवर्षं घ्यावं लागलं तरी चालतं. त्याला 'दुसरी नशा' म्हणू नका. त्यावर माणूस कामाला जातो, पगार घरी आणतो, आणि मरणाचा धोका निम्म्याच्या आसपास येतो.

कुणी हलवूनही जागं होत नसेल, श्वास अगदी संथ, ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर १०८ ला फोन करा आणि काय घेतलंय ते लपवू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. दवाखान्यात नॅलोक्सोनचं इंजेक्शन दिल्यावर माणूस पटकन शुद्धीवर येतो, पण त्याचा असर तास-दीड तासात उतरतो, गोळीचा मात्र अजून अंगात असू शकतो. त्यामुळे तो उठून बसला, बोलायला लागला, तरी डॉक्टर सांगेपर्यंत त्याला घरी आणू नका.