डाग जाईपर्यंत जगणं थांबवायचं का?

“आधी डाग जाऊ देत, मग बघू.” कोड असलेल्या माणसांच्या घरात हे वाक्य मी सतत ऐकते. शिक्षण, नोकरी, लग्न, साधं नातेवाइकांकडे जाणं, सगळं त्या ‘मग’वर ढकललेलं असतं.

एक तरुणी आईबरोबर माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कोड ओठांच्या कडेला आणि दोन्ही हातांवर. भर मे महिन्यात पूर्ण बाह्या, ओढणी हनुवटीपर्यंत. नोकरी सोडलेली, फोटो काढणं बंद. आईने तिचं दूध, दही, मासे सगळं तोडलेलं.

आधी आजार समजावला. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते. तो स्पर्शाने लागत नाही, दूध-मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. आईने हळूच विचारलं, “म्हणजे ही पोटात असताना माझ्या खाण्यात काही आलं, म्हणून नाही ना?” इतकी वर्षं ती माउली हे एकटीच मनात घेऊन फिरत होती. मुलगी आईकडे बघतच राहिली. तिला हे ठाऊकच नव्हतं.

मुलीचं म्हणणं एकच: “लोक बघतात.” बघतातच, ते मी नाकारलं नाही. पण कुणी बघितलं की ती लगेच वाट बदलायची, त्यामुळे बघणारा थोड्या वेळाने आपल्या कामाला लागतो हे तिला कधी दिसलंच नव्हतं. सुरुवात मंडईपासून करायची ठरली. बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, लक्ष मेथीच्या जुडीकडे आणि दराकडे ठेवायचं. कुणी विचारलंच तर, “कोड आहे, लागत नाही, औषध चालू आहे.” याहून जास्त सांगायला ती कुणाला बांधील नाही.

पहिल्याच दिवशी भाजीवालीने सुट्टे पैसे तिच्या हातात न देता टोपलीच्या कडेला ठेवले. ती रडतच आली. मी रडू दिलं. अपमान खरा होता. पुढच्या आठवड्यात ती आपणहून तिथेच गेली आणि म्हणाली, “मावशी, हे लागत नाही हो.”

त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार चालूच ठेवायचे. मलम, फोटोथेरपी (त्वचेवर ठरावीक प्रकाशकिरण सोडण्याचा उपचार) यांनी रंग परत येऊ शकतो, पण महिनोन्‌महिने लागतात. चेहऱ्यावर लवकर गुण दिसतो, बोटांच्या टोकांना फार कमी. डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतः कोड असताना पुण्यात उभ्या केलेल्या श्वेता असोसिएशन या कोड असलेल्यांच्या आधारगटात मी तिला पाठवलं. कोड घेऊन नोकरी-संसार करणारी माणसं समोर बसलेली दिसणं, हे काम माझ्या बोलण्याने झालं नसतं.

लग्नाचं आईने विचारलंच. माझं मत स्पष्ट आहे: स्थळाला पहिल्या भेटीआधीच सांगा. लपवून जमवलेल्या लग्नात मुलगी रोज भीत राहते.

झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मात्र वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.