सॅक्सोफोन घेऊन प्रवास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, मी कॉलेजच्या बँडमध्ये टेनर सॅक्स वाजवते. पुढच्या महिन्यात पुण्याहून दिल्लीला फ्लाइटने जायचंय. केबिनमध्ये ७ किलोच चालतं म्हणे आणि माझी हार्ड केस त्याच्या वर जाते. चेक-इनला टाकायची हिंमत होत नाहीये, काय करू? (पुणे)

उत्तर : घाबरतेयस ते बरोबरच आहे, पण नेमकं कशाला घाबरायचं ते आधी सांगतो. एक्स-रेने सॅक्सला काही होत नाही. खाली सामानाच्या कप्प्यात हवेचा दाब कमी होतो आणि पॅड (भोकं झाकणाऱ्या छोट्या गाद्या) खराब होतात असंही बरेच जण म्हणतात, तसं नाहीये, प्रवासी विमानात तिथेही केबिनसारखाच दाब ठेवलेला असतो. नुकसान होतं ते फक्त आपटल्याने. सॅक्स म्हणजे पातळ पितळेची नळी, तिच्या अंगावर लांब लांब रॉड आणि त्यांच्यावर फिरणाऱ्या की म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, आणि प्रत्येक पॅड आपल्या भोकावर चारी बाजूंनी हवाबंद बसायला लागतो. केस उभी आपटली की जड बेलच्या (कर्ण्यासारख्या रुंद तोंडाच्या) ओढीने बॉडी किंचित वाकते, बाहेरून पोचा वगैरे काहीच दिसत नाही, पण वरचे पॅड लीक व्हायला लागतात आणि मग खालचे सूर लागतच नाहीत, तू आपली रीड (माउथपीसला लावायची वेताची पट्टी) बदलत बसतेस.

अल्टो, म्हणजे टेनरपेक्षा लहान सॅक्स, असता तर लहानशा गिग बॅगमधून (मऊ पिशवीतून) बऱ्याचदा केबिनमध्ये जातो (कद्री गोपालनाथ सगळं कर्नाटक संगीत अल्टोवरच वाजवायचे, १९९४ ला लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवापर्यंत गेले, त्यामुळे अल्टो छोटा म्हणून कुणी कमी समजू नये). टेनरची केस मात्र साधारण ८० सेंमी भरते आणि केबिनची मर्यादा बहुतेक ठिकाणी ५५ सेंमी आहे. म्हणून आत्ताच एअरलाइनला मेल टाक, केसची मापं आणि वजन लिही, उत्तर येईल त्याची प्रिंट जवळ ठेव, कारण फोनवर हो म्हणणारा माणूस काउंटरवर नसतो. काही एअरलाइन वाद्यासाठी वेगळी सीट विकत देतात, कॉलेज पैसे देत असेल तर सरळ ती घे.

नाहीच जमलं आणि चेक-इन करावं लागलं तर पॅकिंगमध्ये आळस नको. नेक (वरची वाकडी नळी) आणि माउथपीस (तोंडात धरायचा भाग) काढून हँडबॅगमध्ये, नेक सगळ्यात नाजूक असतो. बॉडीच्या वरच्या तोंडाला एंड प्लग लावायचाच, अनेकांना ते नुसतं झाकण वाटतं पण तिथली ऑक्टेव्ह पिन (वरच्या सप्तकाची कळ हलवणारी काडी) तोच वाचवतो. बेलमध्ये एक टी-शर्ट, बेल आणि बॉडीच्या मधल्या फटीत मोजे, ज्या की उघड्या राहतात त्यांच्याखाली कॉर्कचे तुकडे, अलगद, कोंबायचे नाहीत. स्ट्रॅपचा हुक, स्टँड असलं काही केसमध्ये सुटं ठेवू नकोस. मग केस बंद करून हलवून बघ, आत जरा जरी काही सरकल्यासारखं वाटलं तर अजून कपडे भर. शक्य असेल तर अख्खी केस मोठ्या सुटकेसमध्ये टाक. छोटा स्क्रूड्रायव्हर चेक-इनमध्येच जाऊ दे, हातात ठेवलास तर सिक्युरिटीवाले काढून घेतील.

दिल्लीला उतरलीस की बेल्टजवळच केस उघड. नेक लावून सगळ्यात खालचा सूर, बी फ्लॅट, अगदी हळू फुंकून बघ, तो हळू आवाजात सहज लागला तर पॅड नीट बसतायत. नाही लागला तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी एअरलाइनच्या डेस्कवर लेखी तक्रार दे आणि तिची प्रत घे. बाहेर पडल्यावर ते सिद्ध करणं फार अवघड जातं.

प्रश्न : दादा, आमची बँडपार्टी आहे, लग्नाच्या सुपाऱ्यांना टेम्पोतून गावोगाव फिरतो. उन्हाळ्यात पॅड गळून पडतात, पावसाळ्यात चिकटतात. (रत्नागिरी)

उत्तर : पॅड शेलॅकने (लाखेने) नाहीतर ग्लूने चिकटवलेले असतात, बंद टेम्पो दुपारभर उन्हात उभा राहिला की ते मऊ पडतं आणि पॅड सरकतो. वाद्य टेम्पोत सोडून जेवायला जाऊ नका, मांडवात सावलीला आणा. प्रवासात टपावर किंवा ढोलाखाली नको, मांडीवर घ्या. चिकटण्याचं म्हणाल तर पॅड चामड्याचे असतात, ओल धरतात, त्यातून वाजवणारा मध्येच चहा-गोड खाऊन फुंकतो, ती साखर आत जाते. वाजवून झालं की आतून कापड ओढा, पॅडखाली पातळ कागद धरून हलकेच दाबा. पावडर मारू नका, ओल लागून तिचाच लगदा होतो. समुद्राकाठची खारी हवा आहे तुमच्याकडे, तेव्हा बाहेरूनही रोज पुसा, लॅकर (वरचा चकचकीत थर) उडालेल्या जागी पितळ लगेच हिरवं पडतं. आणि पहाटेच्या गारव्यात वरातीला उभं राहायचं असेल तर आधी पाच मिनिटं नुसती फुंकर मारून वाद्य गरम करा, आतली हवा दहा अंश गार असली तर सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांश उतरलेला असतो आणि मग क्लॅरिनेटवाल्याशी भांडणं होतात.

प्रश्न : सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेला जातोय, सॅक्स नेणार आहे. परत येताना कस्टम लागेल का? (ठाणे)

उत्तर : जाताना इथल्या विमानतळावरच कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, वाद्य आणि बिल दोन्ही दाखवायचं, सीरियल नंबर त्यावर लिहून घ्यायचा. मग येताना हे इथूनच नेलेलं आहे एवढं दाखवता येतं. त्यासाठी विमानतळावर थोडं लवकर पोचा. अमेरिकेतल्या एअरलाइनना २०१५ पासून नियम आहे, तुम्ही चढताना केबिनमध्ये जागा असेल आणि वाद्य तिथे नीट मावत असेल तर त्यांनी ते हँड बॅगेज म्हणून घ्यायलाच हवं. बोर्डिंगला मागे राहू नका.

प्रश्न : हॉटेलच्या रूममध्ये रियाज कसा करायचा? बेलमध्ये टॉवेल कोंबला तरी आवाज येतोच. (नागपूर)

उत्तर : येणारच, कारण सॅक्सचा आवाज बेलमधून कमी आणि उघड्या भोकांतून जास्त येतो. टॉवेलने फक्त अगदी खालचे सूर बिघडतात. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यात तोंड करून वाजवा, बऱ्यापैकी दबतो. नाहीतर रिसेप्शनला विचारा, लग्नाचा हॉल असलेलं हॉटेल असेल तर दुपारी तो रिकामाच असतो, आणि नीट विचारलं तर देतात.