मशीन कपाटावर आणि जागरण तुमच्या वाट्याला

प्रिय ताई,

तासगावहून पाठवलेले तुमचे पत्र मिळाले. तुमचे यजमान ५२ वर्षांचे आहेत, बेदाण्याचा व्यापार करतात आणि लग्नापासूनच घोरतात; अलीकडे मात्र घोरता घोरता त्यांचा आवाज एकदम बंद पडतो, छाती हलते पण श्वास येत नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा हुंदका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो, असे तुम्ही लिहिले आहे. तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी झोपेची तपासणी करवली, अहवालात ४२ हा आकडा आला आणि झोपेत मास्कमधून हवेचा हलका दाब देणारे सी-पॅप मशीन घरी आले. दोन रात्री ते लावून, ‘मी काय आयसीयूतला पेशंट आहे का?’ असे म्हणत त्यांनी ते कपाटावर ठेवून दिले. तुम्ही आता लेकीच्या खोलीत झोपता, सासूबाई ‘नवऱ्याला एकटं टाकलंस’ म्हणतात, आणि रात्री काही झाले तर दोष आपला, ही भीती तुम्हाला तिथेही झोपू देत नाही. आपले चुकते आहे का आणि त्यांना मशीन लावायला कसे तयार करावे, असे तुम्ही विचारता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: तुमचे चुकलेले नाही. यजमानांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याचा आजार आहे, आणि ४२ या आकड्याचा अर्थ असा, की झोपेच्या प्रत्येक तासात त्यांचा श्वास सरासरी ४२ वेळा किमान दहा सेकंद थांबतो किंवा फार अपुरा पडतो. सहा तासांच्या झोपेत ही संख्या अडीचशेच्या पुढे जाते. शेजारी झोपलेल्या माणसाने हलवून जागे करणे हा यावरचा उपाय असूच शकत नाही. दर तासाला पाचच्या आत असेल तर सामान्य, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम आणि तीसच्या वर तीव्र, अशी या आजाराची विभागणी करतात. तेव्हा तुमच्या यजमानांचा आजार तीव्र गटात मोडतो, हे त्यांना आणि सासूबाईंना स्पष्ट सांगायला हवे. ‘घोरतो म्हणजे गाढ झोपतो’ हा सासूबाईंचा समज अनेक घरांत असतो, पण इथे तो अगदी उलटा आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, तेव्हा मेंदू क्षणभर जाग आणतो, घसा उघडतो आणि श्वास परततो. ती जाग इतकी अल्प असते की सकाळी तिची आठवणही राहत नाही, मात्र प्रत्येक वेळी शरीर धोक्याच्या वेळी उसळावे तसे उसळते आणि रक्तदाब वर जातो. तीन गोळ्या अपुऱ्या पडण्यामागे हे एक मोठे कारण असू शकते. सकाळी डोके जड असणे, तोंड कोरडे पडणे, रात्रीतून तीनतीनदा लघवीला उठणे, या ज्या गोष्टी तुम्ही वयाच्या खात्यावर टाकल्या आहेत, त्याही बहुधा इथूनच येतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरते लिहिले आहे, की पहाटे पुण्याकडे जाताना यजमानांचा डोळा लागला आणि गाडी दुभाजकाला घासली. माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रातले सर्वांत गंभीर वाक्य हेच आहे. मशीन, वजन, सासूबाईंची नाराजी या साऱ्यांवर सवडीने बोलता येईल. पण उपचार नियमित सुरू होऊन दिवसाची झोप ओसरेपर्यंत त्यांनी स्वतः गाडी चालवू नये, ही अट तुम्ही आजच घालावी आणि तिच्यावर ठाम राहावे. चालकाचा खर्च परवडत नसेल तर एसटी आहे. ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर गेलेली नसेल, तर तीही घातलीच पाहिजे.

आता मशीनविषयी. १९८० साली सिडनीत कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी हा उपाय शोधला, त्यापूर्वी तीव्र आजारासाठी गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट उघडी ठेवणे हाच खात्रीचा इलाज होता. एवढे कळले तरी यजमानांचा मशीनवरचा राग थोडा निवळावा. हे मशीन श्वास देत नाही आणि त्यातून ऑक्सिजनही येत नाही. साध्या हवेच्या हलक्या दाबाने ते घसा मिटू देत नाही, इतकेच त्याचे काम. दोन रात्रींत ते नकोसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि बहुतेक वेळा अडचण माणसाच्या हट्टात नसून मास्कमध्ये असते. त्यांना भरघोस मिशा आहेत असे तुम्ही लिहिता; तशा मिशांवर नाक झाकणारा मास्क नीट बसत नाही, कडेने हवा सुटते आणि डोळ्यांवर झोत येतो. नाकपुड्यांपाशी टेकणारा छोटा मास्क अशांना पुष्कळदा सोयीचा पडतो. तोंड उघडे राहत असेल तर तोंड व नाक दोन्ही झाकणारा मास्क लागतो, घसा कोरडा पडत असेल तर हवेत ओलावा मिसळणारे भांडे जोडता येते, आणि हवेचा दाब सुरुवातीला कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते. विक्रेत्याने मास्क एकदाच लावून दाखवला असेल, तर त्याला पुन्हा बोलवा आणि दुसरे मास्क लावून पाहा. संध्याकाळी बातम्या पाहताना अर्धा तास, जागेपणीच, मास्क लावून बसण्याचा सराव आठवडाभर केला, तर रात्रीची घुसमट बरीच कमी होते. वीज जाण्याची भीती असेल तर इन्व्हर्टरवर मशीन चालते का, हे एकदा विचारून ठेवा.

त्यांना पटवताना आजार किती भयंकर आहे हे सांगत बसू नका. व्यापारी माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माल पटतो. त्यांना विचारून एका रात्रीचे चित्रण मोबाइलवर करा आणि ते त्यांना एकट्यानेच पाहू द्या, भावाबहिणींच्या बैठकीत नव्हे. घोरण्यावरून घरात थट्टा होते, आणि मशीनला असलेल्या विरोधात त्या थट्टेचाही वाटा असावा, असे मला पत्रावरून वाटते.

या उपचाराबद्दल अवाजवी आशा मात्र मी देणार नाही. मशीन लावले त्याच रात्री उपयोग होतो, न लावले तर आजार तिथेच असतो. दिवसाची झोप, चिडचिड आणि घोरणे यांत मोठा फरक पडतो, रक्तदाबात थोडा. हृदयविकाराचा झटका टळेलच, असे कोणी छातीठोक सांगू नये. वजन दहा टक्क्यांनी उतरले तर श्वास अडण्याचे प्रमाणही साधारण पाव हिश्शाने घटते, म्हणून आहार आणि चालणे हवेच, पण ते मशीनच्या जोडीने. रात्रीचे मद्य घसा आणखी सैल करते, तसेच झोपेच्या काही गोळ्याही. यजमान अशा गोळ्या मित्राकडून घेऊन खातात, ते ताबडतोब बंद व्हावे. कुशीवर झोपल्याने थोडी मदत होते. दंतवैद्याकडून मिळणारे, खालचा जबडा पुढे ओढणारे साधन मुख्यतः सौम्य व मध्यम आजारासाठी आहे; तुमच्या यजमानांना मास्क कोणत्याही रूपात सोसलाच नाही, तर त्याचा किंवा शस्त्रक्रियेचा विचार कान-नाक-घसातज्ज्ञांबरोबर करावा.

तुम्ही कोणत्या खोलीत झोपावे, हे तुमचे तुम्ही ठरवा. मशीन नियमित सुरू झाल्यावर त्यांच्या खोलीत परतावेसे वाटले तर परता, आणि तोवर लेकीच्या खोलीत निर्धास्त झोपा. आणखी एक: तुमचे वय ४९, पाळी थांबून वर्ष झाले, आणि सकाळी अंग मोडून आल्यासारखे वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. जागरण हे त्याचे कारण असू शकते. परंतु पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्येही स्लीप ॲप्नियाचे प्रमाण वाढते आणि तो पुष्कळदा घोरण्यापेक्षा थकव्याच्या रूपाने पुढे येतो. तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत पुरेशी झोप मिळूनही थकवा तसाच राहिला, तर यजमानांच्या पुढच्या भेटीच्या वेळी त्याच डॉक्टरांकडून तुमचीही तपासणी करून घ्या.