गावात घर घ्यायचंय, तर व्याजात सूट मिळेल का?

प्रश्न : नमस्कार. आम्ही सुदामा नगरला भाड्याने राहतो. मुलगा पीथमपूरला कंपनीत आहे, हातात ३२ हजार येतात, सून घरूनच शिवणकाम करते. सांवेर रोडला पुढे एका गावात रो हाऊस बघितलं, २२ लाख सांगतायत, त्यातलं १८ लाख लोन काढावं लागेल. कॉलनीवाला म्हणाला की गावातलं घर आहे तर सरकार व्याज भरतं, तुम्हाला लोन ३ टक्क्यात पडेल, बयाना याच आठवड्यात द्या. आमच्या ह्यांना पटलंय पण मला धाकधूक वाटते. काय करावं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, आधी बयाना थांबवा, बाकीचं मग बोलू. तुमची धाकधूक अगदी बरोबर आहे.

"३ टक्क्यात लोन" आणि "व्याजात ३ टक्के सूट" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमका इथेच घोळ घातला जातो. गावासाठी व्याजसवलतीची योजना केंद्र सरकारने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केली होती, प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत (गावात घर बांधायला सरकारी मदत देणाऱ्या) जी कुटुंबं बसत नाहीत त्यांच्यासाठी. त्यात सूट ३ टक्क्यांची, पण फक्त २ लाखांपर्यंतच्या कर्जावर, आणि ती गावातल्या माणसाने नवीन घर बांधावं किंवा असलेलं पक्कं घर वाढवावं म्हणून आणलेली. शहरातून जाऊन तयार रो हाऊस घेणाऱ्याचा त्यात विचारच नव्हता. आणि धरून चला की मिळाली, तरी हिशोब करून बघा, २ लाखांवर ९ टक्क्याने २० वर्षांचा हप्ता साधारण १,८०० येतो, ६ टक्क्याने १,४३३. महिन्याला ३६६ रुपये वाचले. उरलेल्या १६ लाखांवर बँकेचं पूर्ण व्याज लागणारच ना!

पण म्हणून सगळंच संपलं असं नाही. मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते गाव. ते गाव नक्की कुठल्या हद्दीत येतं? इंदूरच्या आजूबाजूची बरीच गावं पंचायतीत असूनही "निवेश क्षेत्रात" धरलेली आहेत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात. तसं असेल तर प्रधानमंत्री शहरी आवास योजनेचा दुसरा टप्पा तुम्हाला लागू होऊ शकतो, जो १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे, कारण त्यात शहराची हद्द नगर निगमपाशी संपत नाही, अधिसूचित निवेश क्षेत्रंही येतात. वर्षाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, लोन २५ लाखांपर्यंत, यात तुम्ही आरामात बसता. त्यात पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सूट आहे, १२ वर्षांच्या हिशोबाने, आणि जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतात. मुख्य अट अशी की मुलाच्या कुटुंबाच्या नावावर, म्हणजे मुलगा, सून आणि लग्न न झालेली मुलं, भारतात कुठेही पक्कं घर नको आणि मागच्या २० वर्षांत सरकारी घरयोजनेचा फायदा घेतलेला नको. रजिस्ट्री सुनेच्या नावाने किंवा दोघांच्या नावाने करा.

आता हे नीट वाचा, कारण हे कॉलनीवाला सांगणार नाही. हे १ लाख ८० हजार एकदम मिळत नाहीत, दरवर्षी एक असे पाच हप्ते, म्हणजे वर्षाला ३६ हजार. आणि प्रत्येक वेळी लोन चालू असायला हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असायला हवं. बँकेचा तुमचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून पूर्ण. १८ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता १५,६०० च्या वर जातो. हातात ३२ हजार. सबसिडीचे महिन्याला ३ हजार धरले तरी ते फक्त पाच वर्षं, पुढची पंधरा वर्षं त्या मुलाने कशी काढायची? माझं स्पष्ट मत, सबसिडी शून्य धरा आणि मग हप्ता झेपतो का बघा. झेपत असेल तरच घर घ्या, नाहीतर छोटं घर बघा किंवा दोन वर्षं आणखी पैसे जोडा.

मी बँकेत लोनच्या टेबलवर २६ वर्षं काढली. देपालपूरकडचा एक माणूस माझ्यासमोर रडलेला मला अजून आठवतो, त्याने प्लॉटचा बयाना नोटरीवर देऊन टाकला, "भिया, सबसिडी तो मिलेगी ही" असं त्याला सांगितलं होतं, आणि फाइल आमच्याकडे आली तेव्हा कळलं जमीन शेतीचीच आहे, डायव्हर्जन (शेतीची जमीन घरासाठी वापरायची सरकारी नोंद) झालेलंच नाही. लोन नामंजूर, आणि बयाना परत करायला तो विकणारा तयार नाही. मला त्याला नाही म्हणावं लागलं, ते अजून बोचतं. म्हणून सांगते, बयान्याआधी पटवारीकडून खसरा (जमिनीचा सरकारी उतारा) काढा, डायव्हर्जनचा कागद बघा, नगर तथा ग्राम निवेशच्या ऑफिसात (सगळे टीएनसीपीच म्हणतात) गावाचं नाव आणि खसरा नंबर देऊन विचारा की हे निवेश क्षेत्रात आहे का आणि कॉलनीचा नकाशा मंजूर आहे का, आणि असेल तर रेराचा नंबर मागा. तो नंबर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घर घेऊ नका. बँकेतही तोंडी उत्तर घेऊ नका, सबसिडीचा अर्ज घेताय का हे लेखी मागा.

प्रश्न : मूळ गाव देपालपूर तहसीलात, आजोबांचं कच्चं घर आबादीत (गावठाणात) आहे, धाकटा भाऊ तिथेच राहतो, मजुरी करतो. त्याला घर बांधायला कर्ज हवंय पण कागद म्हणून काहीच नाही. काही मार्ग आहे का?
– एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : काका, तुमच्या भावाने कर्जाआधी मदत मागावी. ग्रामीण आवास योजना मार्च २०२९ पर्यंत वाढवलेली आहे, सपाट भागात घरासाठी १ लाख २० हजार मिळतात, ते परत करायचे नसतात, आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. पैसे टप्प्याटप्प्याने खात्यात येतात, बांधकामाचे फोटो काढून चढवल्यावर. पूर्वी घरात फ्रीज किंवा दुचाकी असली तरी नाव कटायचं, ते आता काढून टाकलंय, तेव्हा दुचाकी आहे म्हणून भाऊ मागे राहत असेल तर त्याला सांगा. कमी पडेल तिथे याच योजनेत ७० हजारांपर्यंत कर्जाचीही सोय ठेवलेली आहे. पंचायतीत सचिवाला भेटून यादीत नाव आहे का ते आधी बघा.

कागदाचं म्हणाल तर एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, त्यात ड्रोनने आबादीची मोजणी करून घराचं कार्ड देतात. आपला मध्य प्रदेश पहिल्या राज्यांमध्येच होता. आजोबांच्या घराचं कार्ड झालंय का ते पटवारीला विचारा. आणि एक, कार्डावर फक्त तुमचंच नाव लागलं तर भाऊ अडकेल. तुम्ही शहरात नीट आहात, तो तिथे राहतो, तेव्हा नाव कोणाचं लागतंय हे दोघांनी बसून आत्ताच ठरवा, नंतर भांडण नको.

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत एका छोट्या गावात राहते. ती म्हणते तिथे गावात घर घेतलं तर सरकार १ टक्क्याने लोन देतं. खरंय का? मग आपल्याकडे असं का नाही?
– एक वाचक, महू

उत्तर : खरंय, पण अर्धं सांगितलंय तिने. तिथे शेतीखात्याचं कर्ज आहे, १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यातलं सेक्शन ५०२. कमी आणि खूपच कमी उत्पन्नवाल्यांना थेट सरकार कर्ज देतं, सुरुवातीला पैसे भरायची गरज सहसा नसते, फेड ३३ वर्षांची, अगदी गरीब असेल तर ३८. दर ठरलेला असतो, पण उत्पन्न बघून हप्त्यात मदत मिळते आणि ती पूर्ण मिळाली तर हप्ता जणू १ टक्क्याचाच पडतो. उदाहरण म्हणून धरा, २ लाख डॉलर, ५ टक्के, ३३ वर्षं, महिन्याला १,०३० च्या आसपास, तेच १ टक्क्याने ५९३. फरक मोठा आहे, आपल्या ३६६ रुपयांच्या मानाने तर फारच मोठा.

पण तो फरक कायमचा माफ होत नाही. उत्पन्न वाढलं की मदत कमी होते, आणि पुढे घर विकलं किंवा त्यात राहणं सोडलं की मिळालेली मदत पूर्ण किंवा काही भाग परत द्यावी लागते. शिवाय भाचीकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे का? नोकरीच्या व्हिसावर असेल तर हे कर्ज तिला मिळणार नाही. आणि याच खात्याची दुसरी एक योजना आहे, त्यात कर्ज बँक देते आणि सरकार फक्त ९० टक्के हमी घेतं, तिथे व्याजात सूट नसते. भाचीला विचारा तिला या दोनातलं कुठलं सांगितलंय, आणि सही करण्याआधी मदत परत करायचं कलम तिने स्वतः वाचावं.

आपल्याकडे का नाही, हा प्रश्न मलाही पडतो. गावातल्या माणसाला २ लाखांवर सूट देऊन आज कुठलं घर उभं राहतं? ती मर्यादा वाढायला हवी, हे मी दर वेळी लिहीत आलेय आणि लिहीत राहीन.