ओट्यावर चढणारा सव्वादोन वर्षांचा मुलगा

प्रश्न : आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. ट्रॉलीचे खण ओढून त्यांच्या पायऱ्या करतो आणि ओट्यावर चढतो. डबे उपडे करतो, हातात येईल ते बादलीत टाकतो. दिवसभर सासूबाई सांभाळतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. जेवताना मोबाइल लागतोच. रात्री साडेअकराच्या आत झोपत नाही. ओरडलं की हसतो आणि तेच पुन्हा करतो. तो अतिचंचल तर नसेल?

उत्तर : चढणं, ओतणं, फेकणं हाच या वयाचा अभ्यास. अतिचंचलतेचं निदान चार वर्षांच्या आत सहसा करत नाहीत. मात्र हाकेला वळत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल किंवा ‘आई ये’सारखे दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानही तपासून घ्या.

सगळ्यात आधी बादली. या वयात डोकं धडाच्या मानाने जड असतं. वाकून बघताना मूल डोक्यावर आत पडतं, त्याला स्वतःला वर उचलता येत नाही आणि आवाजही होत नाही. वीतभर पाणीसुद्धा जीव घेतं. पाणी भरून ठेवावंच लागत असेल तर न्हाणीघराला बाहेरून उंचावर कडी लावा. ट्रॉलीच्या खणांना लॉक बसवा, म्हणजे पायऱ्याच उरणार नाहीत. गॅसचा कॉक खालून बंद ठेवा. रिमोटच्या सेलचं झाकण चिकटपट्टीने बांधा. बटणासारखा चपटा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा.

धोक्याच्या जागा अशा बंद झाल्या की सासूबाईंना दिवसभर मागे धावावं लागणार नाही.

आता त्याच्या ताकदीला वाट द्यायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार या वयाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटांची हालचाल आणि दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तास झोप हवी. सकाळी ऊन चढण्याआधी आणि संध्याकाळी, असं दोनदा पाऊण-पाऊण तास त्याला बाहेर पळू द्या. हे तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी करायचं. घरात परातीत दोन वाट्या पाणी आणि एक पेला दिला तर तो बराच वेळ ओतत बसतो. शेजारी मोठं माणूस हवंच. हरभरे किंवा राजमा खेळायला देऊ नका, नाकात जातात.

झोप एकदम दोन तास अलीकडे ओढली तर तो अंथरुणात रडत राहील. सकाळी उठवायची वेळ ठरवा, दुपारची झोप साडेतीनला संपवा आणि दर तीन दिवसांनी रात्रीची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. साडेनऊपर्यंत यायला साधारण साडेतीन आठवडे लागतील.

जेवताना मोबाइल पूर्ण बंद करा. पहिले चार-पाच दिवस तो कमी खाईल. नेमकं तिसऱ्या दिवशी कोणीतरी कळवळून मोबाइल देतं, आणि जास्त वेळ रडलं की मिळतो हे त्याला कळतं. म्हणून सासूबाईंशी आधीच बोलून घ्या. अर्ध्या तासानंतर न रागावता ताट उचला. दिवसाचं दूध अर्ध्या लिटरच्या वर नको. पोट दुधाने भरलं तर पोळी कुठे जाणार?

तो हसतो, कारण तुमचा चढलेला आवाज हीच त्याला गंमत वाटते. शिवाय ‘ओट्यावर चढू नको’ यातला ‘नको’ शेवटी येतो, तोवर तो चढलेला असतो. दुरून ओरडण्यापेक्षा जवळ जा, हात धरा आणि ‘खाली उतर’ एवढंच म्हणा. दर वेळी तेच शब्द, त्याच सुरात.

प्रश्न : दीड वर्षाची मुलगी चावते. घरचे म्हणतात, तुम्हीही चावून दाखवा.

उत्तर : कृपया तसं करू नका. मोठी माणसंही चावतात, एवढंच ती शिकेल. आधी ज्याला चावली त्या मुलाला जवळ घ्या, मग तिला ‘चावायचं नाही, दुखतं’ असं एकदाच सांगा. चार दिवस वेळा लिहून ठेवा. बहुतेकदा भूक, झोप किंवा खेळण्याची ओढाताण सापडते. दात येत असतील तर थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल चावायला द्या. कोणाची कातडी फाटली तर जखम साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवा.