कोर्टात हसू कशाचे येते?

प्रश्न : बांधाच्या दाव्यापायी बारा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढतो आहे, पण चित्रपटातला न्यायाधीशांचा हातोडा किंवा गीतेवर हात ठेवून घेतलेली शपथ एकदाही दिसली नाही. अलीकडे ‘कोर्ट’ पाहिला. एका शाहिरावर गंभीर आरोप असताना मला वारंवार हसू आले आणि मागाहून अपराधी वाटले. असे का व्हावे?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : हातोड्याची रीत आपल्याकडे नाही. शपथेबाबत १९६९ च्या कायद्याला ईश्वरसाक्ष शपथ किंवा प्रतिज्ञा पुरते. ग्रंथ लागत नाही. तेव्हा आपण पाहिले तेच खरे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात (२०१४) शाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात आत्महत्या केली, असा आरोप आहे. कामगाराची विधवा सांगते, की आत उतरण्यापूर्वी तो खडा टाकून झुरळ बाहेर येते का ते पाहत असे. झुरळ आले, तर आत हवा आहे. कोर्टात कोणी आरडाओरडा करीत नाही, प्रत्येक जण आपले काम रीतसर करतो, आणि न्यायाधीश ऐकलेले आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगत राहतात. आपणही उलटतपासणीत ‘नाही’ एवढेच म्हटले असेल, आणि कागदावर ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे’ असे वाक्य उमटले असेल. माणसाचे बोलणे आणि त्याची नोंद यांत पडलेल्या या अंतराचेच आपल्याला हसू आले, शाहिराचे नव्हे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये जिथे ‘सीतास्वयंवर’ रंगवले, त्या सांगलीकडच्या वाचकाला विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) हे नाटक आठवत असेलच. तिथे लुटुपुटीच्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेबाईंना घेरणारेच हसतात आणि प्रेक्षक नकळत त्यांच्या बाजूला जाऊन बसतो, म्हणून ते हसू घशात अडकते. ‘कोर्ट’च्या न्यायदालनात आरोपीला कोणी हसत नाही. माझ्या मते हे अधिक अवघड आहे, कारण हसण्याचा दोष ढकलायला समोर कोणी खलनायक नसतो.

शेवटी उन्हाळी सुट्टी लागते आणि न्यायदालनातले दिवे मालवतात, तरी चित्रपट संपत नाही. आरोपी कोठडीत असताना कॅमेरा न्यायाधीशांच्या मागोमाग सहलीला जातो. त्या प्रसंगातही आपल्याला हसू आले का, हे जरूर कळवावे.